क्वासिमोडोचं थोबाड आणि आल्प्सचा बर्फ : रोमँटिक लोकांना कुरूपाचं एवढं काय पडलं होतं?

कंदील

आपल्याकडे कॉलेजात रोमँटिक म्हटलं की वर्डस्वर्थची डॅफोडिल्स, कीट्सचा नाइटिंगेल, झालंच तर शेलीचा पश्चिमवारा, आणि परीक्षेला टीपा लिहा पाच मार्क. विषय संपला. आणि त्याच काळातला व्हिक्टर ह्यूगो वाचायला घ्यावा तर कुबडं काय, चामखिळी काय, फासावर लोंबणारी प्रेतं काय, आणि हा बाबा छातीठोकपणे सांगतोय की नवं साहित्य म्हणजे हेच.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८२७ च्या डिसेंबरात ह्यूगोने 'क्रॉमवेल' नावाचं नाटक छापलं. सहा हजारांच्या वर ओळी, त्यामुळे स्टेजवर यायचा प्रश्नच नव्हता आणि आज ते फारसं कोणी वाचतही नसेल, पण त्याला जोडलेली लांबलचक प्रस्तावना मात्र फ्रेंच रोमँटिकांचा जाहीरनामा होऊन बसली. लेखकाचं वय पंचवीस, त्यामुळे आत्मविश्वास ओसंडून वाहतोय. म्हणणं असं की मानवजातीचे तीन टप्पे: आदिम काळ स्तोत्रांचा, तिथे बायबल, प्राचीन काळ महाकाव्याचा, तिथे होमर, आणि आधुनिक काळ नाटकाचा, तिथे शेक्सपिअर. हा आधुनिक काळ त्याच्या हिशोबाने ख्रिस्ती धर्मापासून सुरू होतो, कारण त्या धर्माने माणसाला सांगितलं की बाबा रे तू एक नाहीस, तू दोन आहेस, एक मरणारं शरीर आणि एक न मरणारा आत्मा. मग साहित्यातही दोघं पाहिजेत. आत्म्याच्या वाट्याला सब्लाइम, म्हणजे उदात्त, आणि माणसातल्या जनावराच्या वाट्याला ग्रोटेस्क, म्हणजे खादाडपणा, भित्रेपणा, हावरटपणा, वाकडी नाकं, जे जे बघून हसू येतं किंवा शिसारी येते ते सगळं. आणि हे वेगवेगळ्या नाटकांत वाटून द्यायचं नाही, एकाच नाटकात, एकाच प्रवेशात, जमलं तर एकाच माणसात कोंबायचं.

फ्रेंच क्लासिकल ट्रॅजेडीत राजाला साधी शिंक यायची सोय नव्हती, हे लक्षात घेतलं तर यातला धाडसीपणा कळतो. ह्यूगो उदाहरण देतो ते बघा: इंग्लंडचा राजा चार्ल्स याच्या मृत्युदंडावर सही करतानाच क्रॉमवेल त्याच लेखणीची शाई शेजारच्या सहकाऱ्याच्या तोंडाला फासतो आणि तोही हसत परत फासतो. राजाचं मुंडकं आणि शाळकरी पोरांचा चावटपणा एकाच टेबलावर.

आता माझा प्रश्न. ग्रोटेस्क कशाला हवं याचं जे कारण ह्यूगो देतो तिथे मला दाताखाली खडा लागतो. तो म्हणतो की सतत उदात्तच बघत राहिलं की डोळे थकतात, मधे थांबायला जागा लागते, आणि कुरूपाशेजारी सुंदर जास्त खुलतं, बुटक्या भुतामुळे परी उठून दिसते. म्हणजे शेवटी कुरूपाची नेमणूक सुंदराची चाकरी करायलाच? प्रस्तावनेत हा हिशोब आहे खरा, पण मला वाटतं १८३१ साली 'नोत्र दाम द पारी' ही कादंबरी लिहीपर्यंत तो त्याच्या हातातून पार निसटलाय. तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी वाचलंय त्यांनी तर लिहाच, ज्यांनी फक्त सिनेमा बघितलाय त्यांनीही लिहा.

नदीकाठ

छान धागा, वाचनखूण साठवली आहे. पण यात नवीन ते काय? आपल्याकडे भरताने नाट्यशास्त्रात बीभत्स आणि भयानक रस शृंगाराच्या नि वीराच्या मांडीला मांडी लावून बसवलेत, वर बीभत्सातून भयानक निर्माण होतो हेही सांगून ठेवलंय. विदूषक तर संस्कृत नाटकात राजाच्या शेजारीच असतो, लाडू लाडू करत. ह्यूगोला हे १८२७ साली सुचलं म्हणून टाळ्या वाजवायच्या का?

कंदील

नदीकाठ, विदूषकाचा मुद्दा चांगलाय. पण विदूषक राजाच्या शेजारी असतो, राजात नसतो. दुष्यंत स्वतः हास्यास्पद झालाय असं कालिदास कधी होऊ देत नाही. ह्यूगोचा हट्ट आहे तो खुद्द राजाचं हसं झालं पाहिजे याचा. शिवाय रसाची चर्चा प्रेक्षकाला काय अनुभव येतो याची आहे, आणि ह्यूगोचं भांडण स्टेजवर कोणाला कुठल्या भाषेत बोलायचा हक्क आहे याचं आहे. त्या काळच्या पॅरिसमध्ये हे जवळजवळ राजकारणच होतं.

हाफ_तिकीट

राजकारण म्हणजे अक्षरशः! 'एर्नानी'चा किस्सा कोणीच कसा सांगितला नाही अजून. २५ फेब्रुवारी १८३०, कोमेदी फ्रान्सेज, ह्यूगोच्या या नाटकाचा पहिला प्रयोग. क्लासिकवाले नाटक पाडणार हे माहीत असल्यामुळे ह्यूगोच्या दोस्तांनी लांब केसवाल्या तरुण कवी-चित्रकारांची फौज दुपारपासूनच थिएटरात आणून बसवलेली, खाणंपिणं सगळं तिथेच, आणि त्यात तेओफिल गोतिए नावाचा अठरा वर्षांचा पोरगा भडक लाल वेस्टकोट घालून आलेला, जो पुढे आयुष्यभर त्या वेस्टकोटावरूनच ओळखला गेला. भांडण कशावरून पेटलं तर पहिल्याच वाक्यावरून. 'चोरजिना' अशा अर्थाचे दोन शब्द ह्यूगोने तोडून एक या ओळीच्या शेवटी आणि दुसरा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला टाकला, झालं, शिट्ट्या सुरू. पुढे एका ठिकाणी राजा साधं 'किती वाजले?' म्हणून विचारतो त्यावरही बोंबाबोंब, कारण राजाने वेळ विचारायची तर त्यात सूर्य, रथ, रात्रीचा पदर काहीतरी यायला नको का! आणि हाच राजा पहिल्या अंकात कपाटात लपतो. कपाटात!! आणि चौथ्या अंकात सम्राट शार्लमेनच्या थडग्यापुढे उभा राहून तो जे स्वगत म्हणतो ते एकदम उत्तुंग. कंदील म्हणतायत तो एकाच माणसातला ग्रोटेस्क-सब्लाइम हाच.

आपल्याकडे नाटकावरून मारामाऱ्या होतात त्या विषयावरून, इथे ओळ कुठे तोडली यावरून लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मजाय.

चिंचपेटी

मी 'नोत्र दाम' इंग्रजीतून वाचलंय, दोनदा, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

कंदील यांचं म्हणणं मला पटतंय आणि ते पहिल्या पन्नासेक पानांतच दिसतं. ६ जानेवारी १४८२, पॅरिसमध्ये सण, लोकांना मूर्खांचा पोप निवडायचाय. स्पर्धा अशी की भिंतीतल्या एका गोल खिडकीची काच फुटलेली, त्या भोकातून एकेकाने तोंड बाहेर काढून वेडंवाकडं करून दाखवायचं, ज्याचं सगळ्यात भयंकर तो पोप. एकेक जण येतो, लोक खिदळतात. मग एक तोंड येतं आणि सगळे बघतच राहतात. नाक चौफळी, तोंड घोड्याच्या नालासारखं, डावा डोळा इवलासा आणि त्यावर लाल राठ भुवईचं झुडूप, उजवा डोळा भल्यामोठ्या चामखिळीखाली गडप, दात किल्ल्याच्या पडक्या तटासारखे आणि त्यातला एक हत्तीच्या सुळ्यासारखा ओठावर आलेला. एकमताने निवड! लोक त्याला बाहेर काढायला धावतात तेव्हा कळतं की त्याने तोंड वाकडं केलेलंच नव्हतं. ते त्याचं तोंडच होतं. हाच क्वासिमोडो, नोत्र दाम देवळाचा कुबडा घंटावाला.

आता यात कोणती परी उठून दिसली सांगा? इथे कुरूप हे कशाच्याही शेजारी ठेवलेलं नाहीये, ते स्वतःच सगळी फ्रेम खाऊन टाकतंय. आणि वाचणाऱ्याचं हसू घशात अडकतं कारण आपण पण त्या गर्दीत उभे राहून हसत होतो.

दुसरा प्रसंग कोर्टातला. घंटा वाजवून वाजवून क्वासिमोडो ठार बहिरा झालेला आहे, आणि ज्याच्यापुढे त्याला उभं करतात तो न्यायाधीशही बहिरा आहे, पण आपण बहिरे आहोत हे त्याला लपवायचंय. तो प्रश्न विचारतो, हा गप्प. तो उत्तर मिळालं असं समजून पुढचा प्रश्न विचारतो. कोर्ट हसून हसून लोळतंय. शुद्ध फार्स. आणि त्या फार्सच्या शेवटी याला चौकात बांधून फटके, उन्हात तहानेने जीव चाललाय, पाणी पाणी ओरडतोय, लोक दगड मारतायत. तेव्हा एस्मेराल्डा नावाची नाचणारी पोरगी वर चढते आणि कमरेची पखाल सोडून त्याच्या तोंडाला लावते. तो आधी प्यायचंच विसरतो. फार्स ते हे, मधे श्वास घ्यायला जागा नाही.

आणि ते दोन फुलदाण्यांचं. नंतर ती देवळाच्या आसऱ्याला असते तेव्हा एका सकाळी खिडकीत दोन फुलदाण्या ठेवलेल्या दिसतात. एक काचेची, लखलखीत पण तडा गेलेली, पाणी गळून गेलंय, फुलं सुकलीत. दुसरी साध्या मातीची, ओबडधोबड, पण पाणी भरलेलं आणि फुलं टवटवीत. कोणी ठेवलीत ते ह्यूगो सांगत नाही, सांगायची गरजही नाही. एस्मेराल्डा काय करते? सुकलेला गुच्छ उचलते आणि दिवसभर छातीशी धरून बसते. तिचा जीव जडलेला देखणा कॅप्टन फीबस तिला सोडून कुठे उंडारतोय हे माहीत असून. ह्यूगोने इथे वाचकाला गोड काही दिलेलं नाही, कुरूपाचा गुण कळूनही कोणी त्याला निवडत नाही.

लष्करच्या_भाकऱ्या

चिंचपेटी, प्रतिसाद जबरी आहे पण मी काडी टाकणार.

मला ह्यूगोचा हा सगळा मामला थोडा चीटिंग वाटतो. बाहेरून कुरूप पण आतून सोन्यासारखा. आतून सोनं असेल तर मग बाहेरच्या कुरूपाला हात कुठे लावला? आत्मा परत सुंदरच काढलात ना? 'ल्युक्रेस बोर्जिया' नाटकाच्या प्रस्तावनेत तर ह्यूगोने रेसिपीच देऊन ठेवलीय: शरीराने विद्रूप माणूस घ्या, त्यात बापाचं प्रेम घाला, झाला त्रिबुले. मनाने विद्रूप बाई घ्या, त्यात आईचं प्रेम घाला, झाली ल्युक्रेस. अहो हे साहित्य आहे का केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल.

याच्यापेक्षा मेरी शेली प्रामाणिक. १८१८, ह्यूगोच्या प्रस्तावनेच्या नऊ वर्षं आधी, कुठलाही जाहीरनामा न काढता. फ्रँकेनस्टाइन म्हटलं की लोकांना मानेत बोल्ट घातलेला सिनेमातला राक्षस आठवतो, पुस्तकात असलं काही नाही. पुस्तकात काय आहे तर तो राक्षस बनवणाऱ्या व्हिक्टर फ्रँकेनस्टाइनने अवयव निवडताना सुंदरच निवडले होते. केस काळेभोर चमकदार, दात मोत्यासारखे. आणि ते सगळं पिवळट कातडीखाली, जिच्यातून स्नायू नि शिरा जवळजवळ दिसतायत, आणि पांढुरके पाणीदार डोळे, काळपट ओठ. सुंदर तुकडे जोडून भयंकर माणूस तयार झाला. परी आणि भूत शेजारी शेजारी ठेवण्यापेक्षा हे कितीतरी जास्त अंगावर येतं.

आणि यांची भेट कुठे होते? आल्प्समधल्या मोंब्लांच्या पायथ्याच्या हिमनदीवर. म्हणजे त्या काळी इंग्रज टुरिस्ट जिथे सब्लाइम बघायला जायचे त्याच स्पॉटवर. व्हिक्टर वर चढतो, चोहीकडे बर्फ, समोर तो अजस्र डोंगर, मन भरून येतं, तो हात पसरून आत्म्यांना वगैरे साद घालतो, आणि उत्तरादाखल काय येतं तर बर्फाच्या भेगांवरून उड्या मारत आठ फुटी प्रेत. पिक्चर परफेक्ट टायमिंग. म्हणजे शेलीने सब्लाइम आणि ग्रोटेस्क अक्षरशः एकाच बर्फावर समोरासमोर आणले. आणि मग ते प्रेत बोलायला लागतं, आणि बोलतं 'पॅराडाइज लॉस्ट'वाल्या मिल्टनच्या थाटात! मी तुझा आदम व्हायला हवा होतो म्हणतं. सगळ्या पुस्तकात सगळ्यात उदात्त भाषा त्याची. व्हिक्टर म्हणतो चालता हो, तुझं रूप बघवत नाही. तर तो पुढे होऊन आपले हात व्हिक्टरच्या डोळ्यांवर ठेवतो, घे, आता नाही दिसत, आता तरी ऐक. हा प्रसंग मला ह्यूगोच्या सगळ्या घंटांपेक्षा भारी वाटतो.

कंदील

लष्कर, डोळ्यांवर हात ठेवायचा प्रसंग आणलात हे बरं केलंत, माझ्या मुद्द्याला मदतच झाली. :)

यात एडमंड बर्क हा विचारवंत आणायला हवा. १७५७ च्या त्याच्या सब्लाइमवरच्या पुस्तकात सुंदर म्हणजे लहान, गुळगुळीत, नाजूक; आणि सब्लाइम म्हणजे अफाट, अंधारं, अस्पष्ट, जिथे मुळाशी भीती आहे पण आपण सुरक्षित अंतरावर आहोत. डोंगर कोसळताना लांबून बघणं. आणि तिथेच तो जाता जाता म्हणतो की कुरूपता सब्लाइमच्या आड येत नाही, पण नुसतं कुरूप म्हणून काही सब्लाइम होत नाही, सोबत जबरदस्त भीती पाहिजे. म्हणजे दार किलकिलं त्यानेच केलेलं. शेली त्या दारातून आठ फुटी माणूस आत आणते, आणि वर बर्कचं सुरक्षित अंतरच काढून घेते. डोंगराला आपण 'अहाहा' म्हणू शकतो कारण डोंगर आपल्याला काही मागत नाही. हा मागतो. बायको मागतो, सोबत मागतो.

पण ह्यूगोला चीटर म्हणणं जरा जास्त होतंय. क्वासिमोडो सोन्याचा वगैरे नाहीये. सुरुवातीला मालकाच्या सांगण्यावरून एस्मेराल्डाला पळवायला तोच जातो. पुढे तिला सोडवायला आलेल्या भिकाऱ्यांनाच शत्रू समजून वरून तुळया टाकतो आणि वितळलेलं शिसं ओततो, ते लोक खाली जळून मरतायत आणि तो वर आगीपुढे येरझाऱ्या घालतोय. त्याच्या बहिरेपणामुळे झालेला घोटाळा आहे तो, पण प्रेतं खरी आहेत.

टिंबटिंब

तुळया आणि शिशावरून एक अवांतर. नोत्र दामचा कोणताही फोटो बघा, वरच्या कठड्यावर हनुवटीला हात लावून पॅरिसकडे बघत बसलेला तो शिंगवाला भुतासारखा पुतळा असतो, लोकांना वाटतं क्वासिमोडो याच्याशीच बोलत असणार. तर ते पुतळे ह्यूगोने कादंबरी लिहिली तेव्हा तिथे नव्हतेच! कादंबरी १८३१ ची, देऊळ तेव्हा पार पडझडीला आलेलं, कादंबरी तुफान चालली आणि लोकांचं लक्ष गेलं, मग १८४४ नंतर व्हियोले-ल-दुक या वास्तुकाराच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार झाला त्यात हे पुतळे आले. पावसाचं पाणी तोंडातून ओतणारे जे गार्गॉइल असतात ती मध्ययुगीन कल्पना खरी, पण हे नुसते बसलेले प्राणी एकोणिसाव्या शतकातले. थोडक्यात कादंबरीने देवळाला ग्रोटेस्क पुरवलं. २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये देऊळ परत उघडलं, तेव्हा टीव्हीवर 'मध्ययुगीन राक्षस बचावले' छाप बातम्या बघून हसू आलं.

नदीकाठ

टिंबटिंब, ही माहिती भारीच.

कंदील, विदूषक राजात नसतो हे तुमचं म्हणणं मान्य करायला अजून जड जातंय पण सोडा, वेगळा धागा होईल. हे त्रिबुले प्रकरण काय आहे?

हाफ_तिकीट

त्रिबुले म्हणजे ह्यूगोच्या 'ल र्वा सामूझ' नाटकातला राजाचा कुबडा विदूषक. नदीकाठ, तुमचाच विषय आहे बघा. दरबारात सगळ्यांची थट्टा करून जगणारा, राजाला दुसऱ्यांच्या बायकामुलींवर सोडणारा, आणि घरी एक मुलगी लपवून ठेवलेली जिच्यावर जीव. राजा नेमका तिलाच गाठतो. हा सूड म्हणून राजाचा खून करवतो, पोतं ताब्यात घेतो, आता नदीत टाकणार, तेवढ्यात कळतं की पोत्यात मुलगी आहे. २२ नोव्हेंबर १८३२ ला पहिला प्रयोग झाला आणि दुसऱ्याच दिवशी सरकारने बंद पाडलं, पुढचा प्रयोग थेट पन्नास वर्षांनी. मधल्या काळात इटालियन संगीतकार व्हर्दीने त्यावरून 'रिगोलेट्टो' हा ऑपेरा केला, १८५१, व्हेनिस. तिथल्या सेन्सॉरला राजा तर नको होताच, म्हणून त्याचा ड्यूक झाला, पण कुबड आणि पोतंही खटकत होतं, आणि व्हर्दी अडून बसला की गाणारा कुबडा, का नाही? बाहेरून हास्यास्पद आणि आतून प्रेमाने भरलेला, मला हा विषय याचसाठी हवाय.

लष्कर म्हणतात ती रेसिपी आहे हे खरंय. पण गाणं चढलं की रेसिपी आठवत नाही.

चिंचपेटी

रेसिपीच्या मुद्द्यावर: ह्यूगोने म्हातारपणी स्वतःच ती उलटी करून बघितलीय. 'लोम की री' (हसणारा माणूस) ही कादंबरी, १८६९. ग्विनप्लेन नावाच्या मुलाचा चेहरा लहानपणीच कापून कायमचा हसरा केलेला, जत्रेत दाखवायला. मोठेपणी कळतं की तो उमरावाचा मुलगा आहे, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जागा मिळते. पहिल्याच दिवशी राणीच्या नवऱ्याचा भत्ता वाढवायच्या ठरावाला तो एकटा विरोध करतो आणि उठून गरिबांच्या हालांवर बोलायला लागतो. इच्छाशक्तीच्या जोरावर त्याने चेहऱ्यावरचं हसू दाबून धरलंय, तेवढा वेळ सभागृह घाबरून ऐकतं. मग बोलता बोलता त्याचा कंठ दाटतो, ताबा सुटतो, आणि ते हसू परत चेहऱ्यावर येतं. सगळे लॉर्ड हसून गडाबडा. भाषण संपलं. इथे कुरूप सुंदराला उठाव देत नाही, उदात्ताचा जागच्या जागी मुडदा पाडतं, आणि तेही उदात्त अगदी खरं असताना. १८२७ च्या प्रस्तावनेवर ह्यूगोनेच लिहिलेली ही टीका समजा.

(१९२८ च्या मूकपटात कॉनराड फाइटने हा रोल केला, आणि १९४० साली बॅटमॅनचा जोकर काढताना तोच चेहरा समोर होता. पोरांना ह्यूगो वाचायला लावायचा असेल तर इथून सुरुवात करा.)

लष्करच्या_भाकऱ्या

लॉर्ड्सचा प्रसंग माहीत नव्हता, वाचतो. तरी माझं मत शेलीलाच. तिथल्या आंधळ्या म्हाताऱ्याचा प्रसंग बघा, डी लेसी. त्याला दिसत नाही तोवर तो क्रीचरशी माणसासारखा बोलतो. घरचे डोळस लोक आले की काठीने मारहाण. ह्यूगोनेही ग्विनप्लेनला आंधळीच प्रेयसी दिलीय, डेआ. म्हणजे दोघांनाही कुरूपावर प्रेम करणारा डोळस माणूस काही सुचला नाही.

सांडगा

वाचनमात्र होतो पण लष्कर यांच्या शेवटच्या वाक्यासाठी लॉगिन केलं. डोळस माणूस कोलरिजला सुचला होता, १७९८ साली, 'एन्शंट मरिनर' या म्हाताऱ्या खलाशाच्या कवितेत. वाऱ्याअभावी जहाज अडकलेलं, समुद्र सडलेला, त्यावर चिकट पायवाले किडे वळवळतायत, आणि म्हाताऱ्याला त्यांची किळस, इतके चांगले लोक मेले आणि हे जगतायत, मीही जगतोय. मग रात्री चांदण्यात जहाजाच्या सावलीत तेच पाणसाप त्याला दिसतात, निळे, चकचकीत हिरवे, मखमली काळे, पोहताना सोनेरी ठिणग्या उडतायत. आणि त्याच्या मनातून नकळत आशीर्वाद निघतो. नकळत हे कवीने दोनदा म्हटलंय. तेव्हाच त्याने मारलेला आणि शिक्षा म्हणून त्याच्या गळ्यात अडकवलेला अल्बट्रॉस पक्षी गळून समुद्रात पडतो.

सापांमध्ये काही बदल झालेला नाही. ते आतून सोन्याचे निघाले नाहीत, बोलले नाहीत, कोणाला पाणी पाजलं नाही. बघणारा तोच, साप तेच. त्यामुळे कंदील यांच्या मूळ प्रश्नाला, म्हणजे कुरूप हे सुंदराची चाकरी करायलाच आहे का, सगळ्यात सरळ 'नाही' मला इथे दिसतं, आणि तेही ह्यूगोच्या एकोणतीस वर्षं आधी.

कंदील

सांडगा, वाचनमात्र राहू नका हो. पाणसाप माझ्या डोक्यातच नव्हते. फक्त एक शंका, चांदणं लागलंच ना त्याला? भर दुपारी तेच साप किळसवाणे होते. कोलरिजने लायटिंग बदललं. क्वासिमोडोला ह्यूगो भर उन्हात चौकात बांधतो.

सांडगा

चांदणं बाहेर होतं, पण ते रंग दिसले जहाजाच्या सावलीत, तसं स्पष्ट म्हटलंय कवितेत. उघड्या चांदण्यात नुसतेच पांढरे दिसत होते. परत वाचून बघा.

हाफ_तिकीट

पॉपकॉर्न आणायला गेलो तर धागा समुद्रात.

'नोत्र दाम' सुरू करतोय या वीकेंडला. लोक म्हणतात मधे पॅरिसच्या वर्णनाचा भलामोठा चॅप्टर आहे. स्किप केला तर चालेल का?

चिंचपेटी

पहिल्यांदा वाचताना खुशाल करा, पण त्याचा शेवट सोडू नका, सणाच्या दिवशी पहाटे सगळ्या पॅरिसच्या घंटा एकेक करत जाग्या होतात तो. आणि अगदी शेवटचे दोन चॅप्टर घाईत उरकू नका. त्यातल्या पहिल्याच्या शेवटी फीबसचं पुढे काय झालं ते ह्यूगो सांगतो: त्याचाही शेवट दुःखद झाला, त्याचं लग्न झालं. आणि लगेच पुढच्या चॅप्टरला माँफोकाँचा मसणवटा, एकमेकांना मिठी मारलेले दोन सांगाडे, त्यातल्या एकाचा मणका वाकडा.